बांधावरची मूठ

नगर, ११ जानेवारी १९९९

प्रिय तुषार यांस,
सप्रेम जय भीम.

इथे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला थांबला. थंडीत आत्यांचे गुडघे धरतात, त्यांना शेकायला सांगा. त्या आपण होऊन सांगणार नाहीत, तुम्ही त्यांचा मुलगा असलात तरी.

मी नोकरी धरली आहे. माळीवाड्याजवळ फक्रुद्दीनभाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, तिथे आता कॉम्प्युटर क्लास आहे. जुनी टाइपरायटर यंत्रं मागच्या खोलीत चादरीखाली ठेवली आहेत. मी सकाळ-संध्याकाळ शिकवते. दुपारी कुणी येत नाही. दिवाळीत त्यांनी इंटरनेट घेतलं. ते फोनच्याच तारेतून येतं, त्यामुळे ते चालू असलं की फोन लागत नाही. जहिराभाभी घरून फोन लावून थकतात आणि मग निरोप पाठवतात की माझ्या सवतीला जरा खाली ठेवा, घरात मीठ संपलं आहे.

दुपारी भाई मला बसू देतात. चित्र असेल तर ते वरून खाली, पट्टी पट्टी करत येतं. तोवर डबा खाऊन होतो. जगात लोकांनी काय काय शोधून ठेवलं आहे ते पाहते, आणि जेवणानंतरचा आपला खेळ आठवतो. तुम्ही पेपरातलं एखादं विचित्र काही सांगायचात, आणि मी म्हणायचं, खरं की थाप. बहुतेक वेळा मी हरायचे, कारण तुम्ही थापही कात्रण वाचल्यासारखी मारायचात.

आता माझी पाळी समजा. पहिलं: डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याचा अर्धाच मेंदू झोपतो. उरलेला अर्धा जागा असतो, आणि एक डोळा उघडा. दुसरं: जांभईबद्दल नुसतं वाचलं तरी वाचणाऱ्याला जांभई येते.

पालीचंही एक वाचलं. ते राहू दे.

मी इथे कशाला आले असं कुणी विचारलं तर मी बाबांच्या खोकल्याचं सांगते. तुम्हीही तेच सांगत असाल. खोकला थांबला हे मात्र वर लिहून बसले आहे.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

कळावे,
माधुरी


नगर, ६ फेब्रुवारी १९९९

प्रिय तुषार यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. पत्ता वाकडा, ओळी उतरत गेलेल्या. अक्षर ओळखता आलं नाही, त्यावरूनच कळलं की तुमचं आहे. डाव्या हाताने लिहायला किती वेळ लागला असेल हे विचारत नाही. 'डॉल्फिन खरं. जांभई थाप. पालीचं काय?' एवढंच, पण मी ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

जांभई खरी आहे. तुम्ही हरलात.

पालीचं असं. तिचं तुटलेलं शेपूट पुन्हा येतं हे आपल्याला माहीत आहे. पण नव्या शेपटात हाड नसतं. आत नुसती कुर्चेची नळी असते, आपल्या कानाच्या पाळीच्या वर लागते तशी. बाहेरून पाहणाऱ्याला शेपूट दिसतं. मागच्या पत्रात हे का लिहिलं नाही ते तुम्हांला कळलं होतं, म्हणूनच तुम्ही विचारलंत. तेव्हा आता हाताबद्दल लिहिते. गेल्या जूनमध्ये कंपनीत प्रेसखाली तुमचा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हापासून आपल्या घरात हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. आपण हात धुवा असंसुद्धा म्हणत नाही, पानं घेतली आहेत म्हणतो.

गुरुवारी आत्या क्लासवर आल्या होत्या. बरोबर सहादेवमामा. सुप्याहून एसटीने उभ्याने आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, फिरत्या खुर्चीवर बसल्या, खुर्ची फिरली तशी टेबल घट्ट धरून राहिल्या. भाईंनी चहा मागवला आणि आपण होऊन मागच्या खोलीत निघून गेले. आत्या बराच वेळ घरचंच बोलत राहिल्या. शेळी व्याली. विहाराला रंग दिला. मग बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या,

"त्येची मूठ मिटलेली हाय गं. तशीच पुरली. मातीखाली बोटं आखडून बसली असत्याल. उकरून सरळ करू, मंग दुखायचं थांबंल."

तुम्हांला दुखतं हे मला त्या क्षणी कळलं. नसलेल्या हाताची मूठ सुटत नाही, नखं तळव्यात रुततात, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. मला नाही. याचा राग आला आणि गेला. आईला सांगता येतं, ते बरंच आहे.

बाकीचंही त्यांनी सांगितलं. हात उकरायचं म्हटल्यावर तुम्ही ताटावरून उठलात. ज्या गोष्टींविरुद्ध मी विहारात बोलतो त्या माझ्याच बांधावर करणार का, असं विचारलंत. तेव्हापासून घरात तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. त्या भाकरी ठेवतात आणि बाहेर जाऊन बसतात. आता मी तुम्हांला समजवावं अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्या कुदळ लावणार नाहीत, आणि तुम्ही हो म्हणणार नाही. मी त्यांना ना हो म्हटलं, ना नाही. स्टँडवर सोडायला येते म्हणाले.

स्टँडवर आत्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मामा तंबाखू मळत माझ्याजवळ आले. त्या दिवशी दवाखान्यातून फडक्यात गुंडाळलेला हात त्यांच्याच ताब्यात दिला होता, आणि बाभळीखाली बांधावर त्यांनीच तो पुरला.

"मूठ मिटलेली न्हाई, पोरी," मामा म्हणाले. "दिली तवा हुती. म्या बांधावर बसून एकेक बोट सरळ केलं, मंग माती लोटली. उघडा हात पुरलाय."

मी विचारलं, हे आत्यांना का सांगितलं नाही.

"सांगितलं तर तिला करायला काय उरंल?"

एवढ्यात आत्या आल्या. मामांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गाडीच्या पाटीकडे बघत राहिले.

मी आत्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगते आहे. बांधावर उकरून काही व्हायचं नाही, हे तुम्ही म्हणता ते बरोबर. पण मूठ मिटलेली आहे, हे आत्या म्हणतात तेही तुम्हांला रोज जाणवतं. ती जमिनीत नाही. मग कुठे आहे?

मी शोधते आहे.

माधुरी


नगर, १ मार्च १९९९

प्रिय तुषार,

सापडलं.

आधी मला त्याला काय म्हणतात तेच माहीत नव्हतं. शोधायचं तर शब्द लागतो. हात, वेदना, कापलेला, असं इंग्रजीत उलटसुलट टाकत राहिले. कृत्रिम हात विकणारे मिळाले, प्रार्थना करणारे मिळाले. भाई मागून म्हणाले, "अख्खी दुनिया समोर उघडून दिली, माधुरी, आणि तू एकाच हाताला धरून बसलीस." मी म्हटलं, तो एकच माझ्या ओळखीचा आहे. दुसऱ्या दिवशी भाई जहिराभाभींना सांगून आले की आठवडाभर दुपारी फोन करू नकोस, मीठ आधीच आणून ठेवतो.

आता सांगते. हात कापलेल्या पुष्कळ लोकांना तो हात जाणवत राहतो. बायकांना, सैनिकांना, गिरणीत काम करणाऱ्यांना, सगळीकडे. कुणाचा नसलेला अंगठा खाजतो. आणि तुमच्यासारखी, मूठ आवळलेली आणि नखं रुतणारी, माणसं इतकी आहेत की डॉक्टरांनी त्यांच्यावर लेख लिहिले आहेत. तुम्हांला भास होत नाही. तुम्ही कुणापुढे लपवावं असं त्यात काही नाही.

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक अवयवाची मेंदूत एक जागा असते. हात गेला तरी ती जागा राहते. हाताला शेवटी जे झालं ते तिथे कधीकधी तसंच धरून ठेवलेलं असतं. मेंदू मूठ उघड म्हणून सांगत राहतो, पण उघडली असं सांगणारं तिकडे कुणी नसतं. म्हणून तो पुन्हा सांगतो, आणखी जोराने. म्हणजे आत्यांचं खरं होतं. मूठ मिटलेलीच राहिली. त्यांची जागा चुकली, एवढंच.

आणि मामांनी बोटं सोडवली तेही बरोबरच होतं. फक्त ते तुम्ही पाहायला हवं होतं.

अमेरिकेत एका डॉक्टरने आरसा वापरला. समोर आरसा उभा धरायचा. चांगला हात त्याच्यापुढे, तुटलेला मागे, दिसणार नाही असा. आरशात पाहायचं. डाव्या हाताचं प्रतिबिंब उजव्यासारखं दिसतं, तुम्हांला माहीत आहे. मग डावी मूठ मिटायची आणि आरशात पाहत सावकाश उघडायची. डोळ्यांना दोन हात दिसतात आणि दोन्ही उघडताना दिसतात. काही लोकांची मूठ त्यानंतर सुटली. एक जण रडला असं लिहिलं आहे. सगळ्यांना गुण आला नाही, हेही लिहिलं आहे. तुमच्याशी थाप मारायची नाही म्हणून दोन्ही सांगते.

आता एक राहिलं आहे.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारात आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर होता आणि डाव्या हाताने तुम्ही त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत काहीतरी उचकटत होता. एक एक करून. मला ते समजलं नाही. मी उभी राहिले, कपबशी वाजली, तुम्ही वळून पाहिलंत. त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, बाबांना खोकला आहे म्हणतेस, तर काही दिवस जाऊन ये. मी गेले. तुम्हांला मी नको आहे असं वाटून गेले. आज वाटतं, तुम्हांला नको होतं ते माझं पाहणं.

पण तुषार, मी पाहिलेलंच आहे. ते परत न पाहिलेलं होणार नाही.

तो आरसा खोक्यातही बसवता येतो. डॉक्टरने तसाच केला होता. लाकडी खोकं, मध्ये आरसा, दोन भोकं. इथला सुतार दुपारभरात करून देईल आणि एसटीच्या पार्सलने सुप्याला येईल. मी ते करायला सांगितलेलं नाही. भाईंच्या मागच्या खोलीत एक लांबट आरसा होता, टायपिंगच्या मुली वेणी ठीक करायच्या तो. तो त्यांनी मला दिला. त्याला पाय नाही, चौकट नाही. तो कुणाला तरी धरून उभं राहावं लागतं.

आत्यांना शेजारी बसवू. बांधावर न जाता मूठ उघडताना त्यांनाही पाहता येईल. त्यांना करायला काहीतरी उरलं पाहिजे, मामा म्हणाले ते खरं आहे. एका बाजूने आरसा त्यांनी धरावा. मामांनी बांधावर काय केलं ते त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते. येऊ नये असं वाटत असेल तर कार्ड टाका, ते शनिवारपर्यंत पोचेल. इतके दिवस तुमचं उत्तर आलं नाही की मी त्याचा अर्थ नाही असा लावत होते. या वेळी आलं नाही तर हो असा लावीन.

आरशाने मूठ उघडते. खरं की थाप, हे मला पत्रातून नको आहे.

आरसा जुन्या साडीत गुंडाळून ठेवला आहे. गाडीत तो मांडीवर घेऊन बसेन.

तुमची,
माधुरी