सूकमधले मीटर

७ जून १९९७, मनामा

काय हा निर्लज्जपणा! सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, मी गाडी लावतो, तिथे समोरच इक्बालचे घड्याळदुरुस्तीचे दुकान. रत्नागिरीचा मनुष्य. नवा मोबाइल कानाला लावून भर रस्त्यात ओरडतो— "हां जयेशभाय, टाकला कॉइन! आरामात या!" गाडीवाले ऑफिसातून फोन करतात आणि हा त्यांच्या पार्किंगच्या मीटरात नाणे टाकतो. मोबदल्यात त्यांची घड्याळे याच्याकडेच येतात.

"तुम्हाला पण नंबर देतो, सायब."

मी माझ्या मीटरात तासाचे नाणे टाकून चालू लागलो. मार्चपासून बँकेच्या इथल्या शाखेत मी हिशेब तपासायला येतो, रोज एक तास. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला मी गाडीपाशी असतो. बहरीनमध्ये नऊ वर्षे झाली. एकही दंड नाही. असे सांगू शकणारा दुसरा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

९ जून

आज इक्बाल मला वेळ शिकवत होता! "ह्यो मीटर उन्हात धावतो, सायब. तासाची पन्नासच मिन्टं धरा." माझ्या मनगटावर स्विस घड्याळ आहे, हे त्या घड्याळजीला दिसत नसावे. मी विचारले, "मग मला आजवर दंड कसा झाला नाही?"

नुसता हसला. "अल्लाची मेहेर!"

१० जून

हसला का?

१४ जून

पोलिसांकडे इक्बालची तक्रार लिहिली, इंग्रजीत. चार मसुदे फाडले, पाचवा निर्दोष. टंकलिखित नाही— माझ्या अक्षराला वजन आहे. हेमा म्हणाली, "अहो, त्याने तुमचं काय घोडं मारलंय? आणि निदान खाली नाव तरी घाला!"

घातले नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे, व्यक्तीचा नाही.

१७ जून

पोलीस आला. इक्बालकडून लिहून घेतले— यापुढे कोणाच्याही मीटराला हात लावणार नाही. शिवाय दुकानाच्या लायसन्सची चौकशी. "खलास!" म्हणून पोलीस निघून गेला. मोबाइल दिवसभर वाजत होता. इक्बालने उचलला नाही.

शिस्त अशी लागते.

१८ जून

काचेवर दंडाची पावती! माझ्या गाडीच्या! बरोबर अठ्ठावन्नावे मिनिट होते, आणि मीटरवर वेळ संपल्याची लाल खूण! इक्बाल दारात उभा राहून पाहत होता. आज हसला नाही.

२१ जून

नाणे टाकले आणि घड्याळ हातात धरून उन्हात मीटरपाशी उभा राहिलो. पन्नासाव्या मिनिटाला लाल.

इक्बालने पाणी आणून दिले. "ऊन वाढल्यापासून तुमच्या मीटरात मीच कॉइन टाकत होतो, सायब. तुमच्या फोनची वाट नाय बघितली. आता लिहून दिलंय, काय करू?" मग हळूच— "तुमचं इंग्लिश चांगलं. लायसन्ससाठी एक अर्ज लिहून द्याल? त्याच पोलीस सायबाकडे द्यायचाय, ज्याच्याकडे तक्रार गेली."

हो म्हणालो.

लिहायला बसलो आहे. अक्षर बदलावे लागेल.