डीजे कोणी सांगितला

प्रिय भाऊसाहेब,

पुणतांब्याला तुझ्या आईला, आपल्या लंकाकाकूंना, आता शांत झोप लागते हे परवा तू फोनवर सांगितलंस आणि मी नुसता हं हं करत राहिलो. तुला वाटलं, रेंज नाही. रेंज होती. बोलायचं ते तोंडातून निघेना, म्हणून कागद घेतला.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आपण दोघांनी वर्तमानपत्रांना इतकी पत्रं लिहिली की संपादक आपल्याला अक्षरावरून ओळखत असेल. मिरवणुकीतले डीजे, वाढदिवसाचे फ्लेक्स, तलवारीने केक कापणारी पोरं, रीलसाठी नाचवलेल्या चिमुरड्या मुली. कशावर आपलं मत नव्हतं? भिंगारच्या टपरीवर आपण चहाला बसलो की पोरं हळूच पलीकडच्या बाकावर सरकायची. माहिती तू गोळा करायचास, ठसका माझा. ज्याच्या दारात वाजतं तोच जबाबदार, असं मी एकदा लिहिलं होतं. तू ते शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या नावानिशी सांगितलंस, तेव्हा मी पुढच्या रांगेत बसून लाजल्यासारखं केलं होतं.

मग माझ्या पोराच्या, हर्षलच्या हळदीला माझ्याच दारात डीजेची भिंत उभी राहिली. गल्लीतली तावदानं थरथरत होती. शेजारी तुझ्या घरात काकू, नुकत्याच हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या. तू दोनदा सांगायला आलास आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, पोरं ऐकत नाहीत रे. शेवटी काकूंना दम लागला. तू त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस आणि तिथून सरळ पुणतांब्याला, भावाकडे. लग्नाला तू नव्हतास. तुझी जागा मी मोकळी ठेवली होती असं नंतर सगळ्यांना सांगितलं, तेही खोटं. त्या गर्दीत मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे. तक्रार झाली, पोलिसांनी छगनचा डीजेचा सगळा सेट उचलून नेला, त्याच्यावर गुन्हा लागला. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मुलाच्या मित्रांनी परस्पर आणला. मास्तर माणूस, पेपरात पत्रं लिहिणारा. लगेच विश्वास बसला, वर चहाही मिळाला. हर्षल शेजारीच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. घरात नवी सून आली आहे आणि मुलगा बापाशी बोलत नाही.

काल छगनची बायको सृष्टी आली होती, लेकरू काखेत घेऊन. म्हणाली, "गुरुजी, ह्यांनी तुमचं नाव घेतलं न्हाई. मोठ्या मानसाला कशाला गुतवायचं, म्हनले. पन लग्नाचा सीजन हाय, सेट न्हाई तर आमी खायाचं काय? तुमी येक शबुद टाका." मी तिला पाणी दिलं आणि बघतो म्हणालो. ती पाया पडून गेली. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

भाऊसाहेब, डीजे मीच सांगितला. साखरपुड्याला सुप्याच्या व्याह्यांनी मोठा डीजे आणला होता. त्यांच्यातलं कुणीतरी हसत म्हणालं, मास्तरांच्या दारात पेटी-तबला असेल. ते मला झोंबलं. हर्षल नको म्हणत होता, त्याला काकूंची काळजी होती. मी एकटाच छगनकडे गेलो आणि म्हणालो, आवाज सुप्याच्या वर गेला पाहिजे. वाजायला लागला तेव्हा माझी छाती फुगली होती. तू दुसऱ्यांदा आलास तेव्हा छगनने तुझ्यामागून मला खुणेनं विचारलं, कमी करू का. मी मानेनंच नको म्हटलं.

दार माझं म्हणून पोलीस अजून विचारतात, त्यासाठी सोमवारी तू माझ्या बाजूने जबाब द्यायला येणार आहेस. रंगनाथ असं करणारच नाही, हे पोलिसांना लिहून देणार आहेस. येऊ नकोस. हे पत्र कुरिअरला देऊन मी तसाच ठाण्यात जातो आहे. छगनने माझ्या सांगण्यावरून वाजवलं, हे लिहून देतो. पण काकूंना मात्र तूच सांग, मला जमणार नाही. परवा तुझ्या हातातून फोन घेऊन त्या मला म्हणाल्या, "रंगा, पोराला लई बोलू नगं. वय हाय त्याचं." आणि मी बरं म्हणालो.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
रंगनाथ