मावशीची बाटली, डी-३१

९ ऑक्टो.
नवीन काम. किती दिवस टिकतं बघू. कुरियर दोन महिने, मॉलमध्ये लोकांवर पर्फ्युम फवारणं पाच आठवडे, कॉलेज दीड वर्ष. आता लघवी.
साकीनाक्याला एका गल्लीत, खाली लेथ मशीन किंचाळतंय, वर लॅब. अनघा मॅडम मुलुंडहून येतात, पीएच.डी. चालू आहे. (आजपासून अ.मॅ. सगळं नाव लिहायला कंटाळा.) माझं काम एवढंच: डायबेटिसवाल्यांच्या घरी सकाळी जायचं, उठल्याउठल्याची पहिली लघवी बाटलीत, बाटली थंड डब्यात, डबा लॅबला. स्कूटी माझी.
अ.मॅ.: "किळस नाही ना येणार तुला?"
म्हटलं, मॅडम, मी घरी बोंबील साफ करते.

११ ऑक्टो.
चहा पिताना अ.मॅ.नी समजावलं. शुगरवाल्यांची किडनी गुपचूप जाते. कळतं तोवर बरीच गेलेली असते. नेहमीची टेस्ट लघवीत एकच प्रोटीन मोजते, अल्ब्युमिन. ह्या लोकांचं मशीन शेकडो प्रोटीनचे बारीक बारीक तुकडे बघतं. कुठले जास्त, कुठले कमी, त्याची एक नक्षी बनते. बिघडायला लागलेल्या किडनीची नक्षी म्हणे वेगळी. अल्ब्युमिन वाढायच्या आधीच दिसू शकते. "शकते" वर दोनदा जोर दिला. अजून सिद्ध व्हायचंय.
मशीन ह्यांचं नाहीच. दुसऱ्या मोठ्या संस्थेत आहे, वर्षातून दोन-तीनदा नंबर लागतो.
माझ्या डोक्यात लगेच मावशी. चौदा वर्षं शुगर. गोळ्या आठवल्या तर घेते.

१४ ऑक्टो.
मावशीला पटवलं. दोन दिवस लागले. बालवाडीतल्या कामावरून आली, साडी न बदलता तशीच पाय वर घेऊन बसली, तेव्हा पुन्हा विषय काढला.
"माझा मूत घेऊन ते काय करतले गो?"
"अभ्यास करणार."
"तुका बारा वर्षां शाळेत घातलंय, तेव्हा नाय केलंस अभ्यास. आता माझ्या मुताचो करतंस?"
आई कुडाळला परत गेली तेव्हापासून मी मावशीकडेच, असल्फ्याला. ती मला ओरडते पण जा कधी म्हणत नाही. तिला काही झालं तर मी कुठे... जाऊ दे.
फॉर्म भरला. नाव लॅबमध्ये कुठेच नाही, फक्त नंबर. मावशी म्हणजे डी-३१. मावशी म्हणे, कैद्यासारखा वाटता.

१७ ऑक्टो.
आज काय केलं ते लिहूनच ठेवते.
सहाला मावशीची बाटली घेतली. डब्यातले थंड पॅक आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये नीट घट्ट झाले नव्हते, बोट दाबलं तर आत जात होतं. चालेल म्हटलं. मग सात बंगल्याला एका काका-काकूंच्या दोन बाटल्या. पोचले तर काकूंचा फोन, "आम्ही रात्री उशिरा झोपलो, अजून उठलोच नाही, तू दहानंतर ये गं."
दहा वाजायला तीन तास. वर्सोव्याच्या धक्क्यावर गेले नुसती बघायला. बोट सुटत होती मढला. चढले. स्कूटी इकडे, डबा मांडीवर. पलीकडे बोंबील वाळत घातलेले, ओळीने, एक म्हातारा कोळी होडीला निळा रंग देत होता, म्हणाला पोरी, जरा तो डबा पकड. कसला तर रंगाचा. पकडला. मग दुसरी बाजू पण झाली. ऊन काय होतं! साडेनऊला आठवलं. आपला डबा उघडला तर पॅक म्हणजे कोमट पाण्याच्या पिशव्या.
परत आल्यावर धक्क्यावर एका कोळणीकडे बर्फ मागितला. "कशाला गो?" म्हटलं औषध आहे. तिने पापलेटांखालचा काढून दिला, भरपूर. काकांची ताजी बाटली, काकूंची ताजी, आणि मावशीची चार तास उन्हातली, तिन्ही त्या बर्फात. लॅबला पोचले तेव्हा डब्याच्या थर्मामीटरवर तीन. वहीत लिहिलं: पोचताना ३ अंश. खोटं नाही.
अ.मॅ.: "कसला वास येतोय?"
"मावशीसाठी बांगडे घेतलेत मॅडम, घरी न्यायला."
हे खोटं.

२५ ऑक्टो.
घाटकोपरला चार, अंधेरीला दोन. एक आजोबा बाटलीवर उदबत्तीची राख लावून देतात. का, विचारलं नाही. काम बरं चाललंय. अ.मॅ. म्हणाल्या, तू वाटलीस त्यापेक्षा नियमित आहेस.

१२ नोव्हें.
वाट लागली.
मशीनचे आकडे आले. अ.मॅ. नाचायच्याच बाकी होत्या. मला खुर्चीवर बसवलं, स्क्रीन फिरवली. "ही बघ. डी-३१. अल्ब्युमिन एकदम नॉर्मल. आणि नक्षी बघ! मोठ्या प्रोटीनचे तुटके तुकडेच तुकडे. आजारी गटासारखी. हेच तर शोधतोय आपण, जुनी टेस्ट गप्प आणि नवी ओरडतेय."
मला नीट दिसलंच नाही. लाल-निळे ठिपके.
विचारलं, म्हणजे ह्या बाईची किडनी जातेय?
"शक्यता आहे. किंवा सॅम्पल गरम झालं असेल, जंतू वाढले तर प्रोटीन असेच तुटतात. पण ते मी तपासलं, वहीत तीन अंश आहे. हस्ताक्षर तुझंच."
मग पेशंटला सांगणार ना?
"नाही. फॉर्मवर लिहिलंय, वैयक्तिक रिपोर्ट देत नाही. अभ्यासातली टेस्ट आहे, उपचाराची नाही. सिद्ध न झालेल्या गोष्टीवरून कुणाला घाबरवायचं?"
घरी आले. मावशी घावणे घालत होती. मी तिच्याकडे बघतच बसले. "काय गो, माझ्या तोंडार काय लागला हा?"

१३ नोव्हें.
दिवसभर तेच. ते तुकडे मावशीच्या किडनीने केले की मढच्या उन्हाने? कोणालाच माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं आणि मलाच नाही. गप्प बसले तर अ.मॅ. एका नासलेल्या बाटलीवर अख्खा पेपर लिहिणार. बोलले तर डी-३१ कचऱ्यात. आणि समजा खरंच किडनी असेल तर?
नाहूरची फेरी होती, चुकून पार मुलुंडच्या पुढे निघून गेले.

१५ नोव्हें.
मावशीला नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं, बळजबरीने. किडनीची साधी टेस्ट केली. अल्ब्युमिन नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल. बीपी जरा जास्त.
डॉक्टर म्हणे, "छान आहे की. गोळ्या वेळेवर घ्या. सहा महिन्यांनी या."
मी म्हटलं, पण त्याआधीच किडनी बिघडायला लागली असेल तर? दुसरी कुठली प्रोटीनची टेस्ट...
"तू काय शिकतेस?"
काही नाही.
"मग नॉर्मल आलंय त्यात खूश राहा ना."
मावशी बाहेर आल्यावर पूर्ण रस्ताभर हसत होती. "नॉर्मल! ऐकलंस? माका काय एक जाऊंक नाय. तुकाच दाखवूक होया खंयतरी." वर भजी घेतली. मला चिडच चिड. तिच्यावर नाही. हो, तिच्यावर पण.

१७ नोव्हें.
सांगितलं. सगळं. मढ, निळा रंग, पापलेटांखालचा बर्फ. आणि डी-३१ माझी मावशी आहे, तेही.
अ.मॅ. ओरडतील वाटलं होतं. ओरडल्या नाहीत, ते वाईट. पेन बंद केलं, उघडलं, बंद केलं.
"शुक्रवारी माझ्या गाईड सरांना दाखवलं मी हे. सगळ्यांसमोर. बाकी किती बाटल्यांचं असं आहे?"
एकही नाही. शप्पथ.
"कशावरून मानू?"
मग अ.मॅ. एक तास वही घेऊन बसल्या, माझी प्रत्येक एन्ट्री, कुठून निघाले, कधी पोचले. डी-३१ वर लाल रेघ मारली. डबा उद्यापासून मी उचलायचा नाही. काढलं नाही, टेबलावर बसून लेबलं चिकटवायची.
जाताना विचारलं, नवीन बाटली आणू का मावशीची?
"तू नाही आणायची. त्यांची इच्छा असेल तर त्यांनी स्वतः यावं, इथेच द्यावी. फ्रीजरमध्ये ठेवीन. मशीनचा पुढचा नंबर जानेवारीत."
जानेवारी!

१९ नोव्हें.
लेबलं. एकशे सत्तर. एक तिरकं लागलं तर काढून पुन्हा. खाली लेथवाला मधेच थांबतो तेव्हा कानात शिट्टी वाजते. सोडून द्यावं वाटतं. ह्याआधी कुठलंही काम असंच सोडलंय, सकाळी उठायचं नि जायचंच नाही. इथे नाही जमत. जानेवारीला ती बाटली कोण बघणार मग?

२२ नोव्हें.
मावशीला सांगावंच लागलं. ती मासे निवडत होती, मला समोर बसून सांगायला बरं पडलं.
सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पण बोलली नाही, तिच्यासाठी हे रेकॉर्ड असेल. मग सुरी ठेवली.
"म्हणजे बिघाड आसा की नाय ता तुका म्हायत नाय."
नाही.
"त्या बायेक?"
नाही.
"डॉक्टराक?"
त्याला तर नाहीच.
"आणि माका कोण सांगूचाच नाय."
नियम आहे तसा, म्हटलं.
"कोणी केलो?"
मला काय माहीत. एक कमिटी असते.
"त्या कमिटीत कोणाक शुगर आसा काय?"
उठली, हात धुतले, मासे तसेच टाकून शेजारी गेली. तासाभराने येऊन कालवण केलं. माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं मात्र, डोक्याचा तुकडा मला.

२४ नोव्हें.
अजून बोलत नाही. आज दिसलं, गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यापाशी आणून ठेवलंय, आंघोळीनंतर लगेच घेता यावी म्हणून. मी काही बोलले नाही. बोलले तर बंद करेल.

२६ नोव्हें.
लॅबमध्येच लिहितेय, लेबलांच्या मागच्या कागदावर. घरी गेल्यावर वहीत उतरवेन.
मावशी आलीय. न सांगता. बालवाडीतून रजा टाकून, लग्नाला नेसते ती साडी नेसून. सकाळी रिक्षाने इथे येऊन बाथरूममध्ये स्वतः बाटली भरली, झाकण लावलं, टेबलापाशी बसली. अ.मॅ.नी हात पुढे केला. मावशीने बाटली दिली नाही. पदराखाली धरून ठेवली.
"मॅडम, ह्यात काय निघाला तर माका सांगतल्यात काय?"
अ.मॅ. फॉर्मचं बोलायला लागल्या. अभ्यासातली टेस्ट, खात्री नाही, उगाच घाबराल.
"घाबरान मी. तो माझो प्रश्न."
"मावशी, नियम..."
"नियम तुमचो. मूत माझो."
मला हसू आलं, मावशीने अशी नजर टाकली की बंद.
अ.मॅ. म्हणाल्या, समजा नक्षी खराब निघाली, आणि आम्हीच चूक असू. तुम्ही वर्षभर काळजी कराल, आणि काहीच नसेल.
मावशी म्हणाली, "चौदा वर्षां काळजी नाय केली. एक वर्ष केली तर काय मरतलंय?"
अ.मॅ. फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या, सरांना लावायला. कमिटीला विचारता येतं म्हणे, फॉर्म बदलता येतो, वेळ लागतो, नाही पण म्हणू शकतात. दार अर्धं उघडं आहे. "हो सर. नाही सर. हो, पण सर त्या देतच नाहीयेत..."
मी मावशीला म्हटलं, दे ना, नंतर बघू, ठेवतील तरी फ्रीजरमध्ये.
"तू गप ऱ्हव."
बाटली तिने टेबलावर ठेवलीय आता. पण झाकणावरचा हात काढलेला नाही. पावणेबारा झाले. आत अजून बोलणं चालू आहे.