दिव्यापुढचा नेम

गिरगाव, श्रावण वद्य पंचमी

दिवा लावला की दिवसातली एक चांगली गोष्ट देवाला सांगायची, हा हिचा नवा नेम. तापातून उठल्यापासूनचा. वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून पोट भरणाऱ्या मला ही शिक्षाच! तरी सांगतो. नळाला पाणी आले. शेजारच्या तात्यांची पेटी बिघडली. पुन्हा नळ.

आज ही म्हणाली, "आठ दिवस नळाचंच कौतुक. मी जगले, त्याचं काहीच नाही का?"

ते बोललो तर दृष्ट लागेल, अशी भीती वाटते. आणि लोकांच्या भाबडेपणाची छापून टिंगल करणारा मीच!

शेवटी हात जोडले. "देवा, आज आमटी खारट होती. हिच्या तापात शेजारीण पाठवायची ती कधीच खारट नसे."

ही डोळे पुसत म्हणाली, "उद्याही खारटच करीन हो."