दादाच्या इंजिनाचं नको तितकं स्वच्छ तेल

शनिवार, १२ नोव्हेंबर

ती. दादास शिरसाष्टांग वगैरे. (माझ्या वाटचं वाकायला वहिनीला सांगू नकोस, तिची कंबर दुखते आहे.) इतके महिने पत्र नाही, माफ कर. तुझा गुडघा कसा आहे? लाँचचं इंजिन कसं आहे हे विचारत नाही, कारण सगळं पत्र त्याबद्दलच आहे.

तू तपासायला पाठवलेलं इंजिनाचं तेल आमच्या प्रयोगशाळेत मीच यंत्राला लावलं. तेल म्हणजे इंजिनाच्या पोटातली बातमी. लोखंड वाढलं तर बहुधा सिलिंडर झिजतोय, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन दिसलं तर कुठून तरी धूळ आत शिरतेय. तुझ्या तेलात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. बाबांच्या वेळचं इंजिन, आणि तेल नुकत्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखं! मी हरखले आणि 'सर्व ठीक' असा रिपोर्ट पाठवून मोकळी झाले. मग जेवताना मनात आलं, इतक्या जुन्या इंजिनाचं तेल इतकं स्वच्छ कसं? यंत्र बिघडलं असेल म्हणून तेल पुन्हा लावलं, आकडे तेच. माझाच दादा म्हणून मी ते गोड मानून घेतले का? की तुझं चांगलं झालेलं मला बघवत नाही? (हेही प्रामाणिकपणे तपासलं. निष्कर्ष निघाला नाही.) साहेब म्हणाले, "बाई, लोक वाईट रिपोर्ट आला की घाबरतात. तुमचं काहीतरी निराळंच."

शेवटी वहिनीला फोन केला. ती आधी पोटभर हसली. "अगं, त्यांनी जुनं तेल काढलं, नवं भरलं, इंजिन जरा फिरवलं आणि मग तुझी बाटली भरली. म्हणे, धाकटी बघणार, तिला काळंकुट्ट कसं पाठवू?" अरे दादा, तेल तपासायला हवं होतं, मिरवायला नव्हे! डॉक्टरकडे जाताना तू शेजाऱ्याचं रक्त नेशील का? (नेशीलही.)

मग वहिनीने त्या काढलेल्या तेलाचा डबा मला गुपचूप पाठवला. त्यात तांबं आणि शिसं दोन्ही भरपूर. म्हणजे क्रँकच्या बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचं तांबं उघडं पडलंय. सोमवारी तू माणसं भरून पलीकडच्या तीराला निघणार. भर पात्रात इंजिन जाम झालं तर? पण लगेच मनात येतं, तो डबा तरी स्वच्छ होता का? (वहिनी म्हणते, होता. पण वहिनी तुझ्याबद्दलही चांगलंच बोलते.) म्हणून आता नीट नमुना हवा: तेल न बदलता, इंजिन गरम असताना, कोरड्या बाटलीत. तोवर धक्का सोडू नकोस. त्या 'सर्व ठीक'खाली माझी सही आहे आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. लाँचच्या किल्लीसाठी घर उलथंपालथं करू नकोस. वहिनीने ती डब्यासोबतच पाठवली. माझ्या पर्समध्ये आहे.

आणखी एक ता. क. किल्ली नसली तरी तू वायरी जोडून इंजिन सुरू करशील, हे आत्ता सुचलं. आणि टपाल मंगळवारच्या आत पोचत नाही. फोन केला तर तू 'हो, हो' म्हणशील आणि सोमवारी निघशीलच.

उद्या: हे पत्र घेऊन पहिल्या बसने स्वतःच निघणे.