रिकाम्या सोडलेल्या पाच ओळी

साहेब,

तू आणि पिल्लू दोघंही दुपारचे घोरताय, म्हणून चिठ्ठी. तुझ्या बहिणीला घेऊन सायबर कॅफेत जातेय. तिच्या ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये बदल करायची मुदत आज पाचपर्यंतच आहे.

दहा कॉलेजं भरायची सोय असताना तू पाचच भरलीस, तीही आभाळातली. वर म्हणालास, "खाली जाळं बांधलं की माणूस जीव तोडून उडी मारत नाही." वा! पडणार ती, टाळ्या घेणार तू. मागच्या वर्षीची कट-ऑफ बघितली असतीस, तर तिच्या मार्कांना त्यातलं एकही मिळणार नाही हे कळलं असतं. पण ऑफिसात आधीच 'पहिल्या नंबरचं कॉलेज नक्की' म्हणून सांगून बसलास ना! बाजारात तुरी.

ती आठवडाभर नळ सोडून रडतेय. तुला वाटतं, पोरगी आंघोळीला फार वेळ लावते.

उरलेल्या पाच ओळी आज ती स्वतः भरेल. त्यात घराजवळचं कॉलेजही असेल, ज्याला तू 'धर्मशाळा' म्हणतोस. मी तिथेच शिकले, हे तू सोयीने विसरतोस.

पिल्लू उठलं की दूध कोमट करून दे. आकडे शिकवू नकोस, दीड वर्षाचं आहे ते.

आणि हो, पहिल्या नंबरच्या कॉलेजचा टी-शर्ट तू तिच्यासाठी निकालाआधीच मागवलास, तो तिला गुडघ्यांपर्यंत येतो. खुर्चीवर ठेवलाय. घालून बघ, तुझ्याच मापाचा आहे.