पस्तीस सेंटिमीटर

सातारा, १४ फेब्रुवारी १९७६

प्रिय गंगाधर,

मनोऱ्याचा जिना, एकतीस पायऱ्या. बाक चौदा. दक्षिणेच्या खिडकीची कमान. पाळकसाहेब उभे राहून उपदेश करतात तो कठडा. एवढं सगळं कॅम्पातल्या चर्चमध्ये मी या दोन हातांनी केलं. या चर्चवरच्या तुझ्या पुस्तिकेत पान तेवीसवर पायऱ्या बत्तीस छापल्यात. एकतीस आहेत. जाऊन मोज.

परवा चर्चच्या शताब्दीच्या समारंभाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुला शाल, नारळ. तू पुढच्या बाकावरून हात फिरवलास आणि म्हणालास की हे शंभर वर्षांपूर्वीचं विलायती कारागिरांचं काम, कोयनेच्या भूकंपातही अभंग राहिलेलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पोटात जे दुखलं ते लपवत नाही. सातवीपर्यंत आपण एका पाटीवर गणितं केली, पुढं तू सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवायला लागलास, त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. पण त्या शालीचा वाटला. आणि त्याहून जास्त, जो कधी जन्मालाच आला नाही त्या गोऱ्या सुताराचा.

अभंग कसलं? त्या भूकंपात तुळई कोसळून बाकांचा भुगा झाला, जिना भिंतीपासून सुटला. तेव्हाच्या पाळकांनी मला बोलावलं. सुतारकी मला कुणी शिकवलेली नाही. एक मोडका बाक मी सांध्यासांध्यातून उलगडला, त्यानंच शिकवलं. दीड वर्ष खपलो. चुन्याची निवळी आणि कडक चहा चोळून नव्या सागाला जुन्याचा रंग आणला. नवं कुठलं, जुनं कुठलं, कुणाला कळता कामा नये, ही माझीच घमेंड. ते पाळक बदलून नगरला गेले आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

घरी आल्यावर बायको, सुलाबाई, म्हणाली, "आवं, लोकांनी सायबाचं काम समजलं म्हंजे लय झ्याक जमलंय की! मग तोंड का पाडलंय?"

तू मात्र शिकलेला माणूस. बाकाची रुंदी स्वतः मोजलीस, 'बरोबर पस्तीस सेंटिमीटर' असं छापलंस. अरे गड्या, शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज सेंटिमीटरमध्ये कशाला मोजेल? त्याचे बाक चौदा इंची होते, म्हणजे साडेपस्तीस. नवी मीटरची पट्टी माझी होती. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, तुझ्याच हातात होता. पुस्तिकेसाठी तीनदा साताऱ्याला आलास, तिन्ही वेळा माझ्या दुकानावरून गेलास. एकदा तरी चहाला थांबायचं होतंस रं.

लिहायचं कारण वेगळंच. काल पंचकमिटीची माणसं दुकानी आली. चर्चचा वारसा जपणाऱ्यांच्या नावांचा सागवानी फलक दाराशी लावायचा आहे, सगळ्यात वर तुझं नाव. कोरायला माझ्याकडे द्यावा, असं तूच सुचवलंस म्हणे. "आकारामचा हात बरा आहे," म्हणालास. बरा! फलकावर माझं नाव नाही, हे मी विचारून घेतलं. लाकूड त्यांचं, मजुरी साडेअकराशे रुपये, निम्मे आगाऊ टेबलावर ठेवले होते. मी काम नको म्हणालो.

तुझाच,
आकाराम